ईसीजीवर ‘ॲबनॉर्मल’ छापून आलंय? बेळगाव-निपाणीकडच्या माणसानं पुढे काय करायचं

मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळालेली असते आणि त्याआधीच्या तपासण्यांत ईसीजी अडकतो. कुणाची उद्यमबागेतल्या फाउंड्रीत वर्षाची मेडिकल असते, कुणाला विम्याचा एजंट घेऊन येतो, कुणी मंडळाच्या शिबिरात ‘फुकट आहे तर काढून घेऊ’ म्हणून आडवा होतो. छातीत दुखत नाही, धाप लागत नाही, आणि कागदाच्या डोक्यावर मात्र इंग्रजीत छापून येतं: ‘ॲबनॉर्मल ईसीजी’.

मी ईसीजी काढणाऱ्यांपैकी आहे, डॉक्टर नव्हे. हा कागद हातात पडल्यावर लोक दोन टोकं गाठतात. एक जण त्याच संध्याकाळी अँजिओग्राफीसाठी कोल्हापूरची गाडी ठरवतो. दुसरा कागदाची घडी करून कपाटात कपड्यांखाली सारतो आणि बायकोलाही सांगत नाही. दोघांनीही मधल्या चार गोष्टी केलेल्या नसतात. त्या कोणत्या, ते क्रमानं सांगतो.

आधी माणूस बघा, कागद नंतर

पहिला प्रश्न एकच: या घडीला काही त्रास होतोय का? छातीच्या मधोमध आवळल्यासारखं किंवा जड वाटतंय, ते डाव्या हातात, खांद्यात, पाठीत, जबड्यात उतरतंय, दरदरून घाम आलाय, धाप लागलीय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, मळमळतंय? बायकांत, म्हाताऱ्या माणसांत आणि शुगर असलेल्यांत छातीत दुखेलच असं नाही. नुसता घाम, धाप आणि गळून गेल्यासारखं वाटणं, एवढंच असू शकतं.

यातलं काहीही असेल तर पुढचं वाचत बसू नका, १०८ ला फोन लावा. ‘पित्त झालंय, सोडा घे, थोडं आडवा हो’ हा सल्ला देणारा माणूस प्रत्येक घरात असतो. त्याचं आज ऐकू नका. पेशंटला मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ नका, त्याला स्वतः गाडी चालवू देऊ नका, जिने चढायला लावू नका.

कुठे न्यायचं यावर आपल्याकडे फार वेळ जातो. कणकुंबी-जांबोटीकडचा माणूस थेट बेळगावच्या मोठ्या दवाखान्याचं नाव काढतो, निपाणीचा कोल्हापूरचं, अथणीचा मिरजेचं. नस बंद पडून आलेल्या मोठ्या अटॅकमध्ये हिशेब असा असतो: साधारण दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होण्यासारखी असेल तर ती उत्तम. तेवढ्यात पोचणं आणि नस उघडणं जमणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्या ठिकाणी आधी घ्यायचं आणि मग पुढे जायचं. दुखणं सुरू झाल्यापासून बारा तासांपर्यंत या इंजेक्शनचा उपयोग होतो, पण पहिल्या दोन-तीन तासांत जो होतो तो नंतर होत नाही.

म्हणून तालुक्याचं सरकारी रुग्णालय ओलांडून जाण्याआधी विचार करा. कर्नाटकात ‘पुनीत राजकुमार हृदय ज्योती’ नावाची योजना आहे. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी हा कन्नड अभिनेता ४६ व्या वर्षी हृदय बंद पडून गेला आणि त्यानंतर बंगळूरच्या जयदेव हृदयरोग संस्थेबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या होत्या. योजनेला त्याचंच नाव दिलं. सरकारी रुग्णालयात ईसीजी काढायचा, तो लगेच दुसऱ्या टोकाला बसलेल्या तज्ज्ञांकडे पाठवायचा आणि मोठा अटॅक ठरला तर हे महागडं इंजेक्शन तिथेच मोफत द्यायचं, अशी तिची रचना आहे. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात ही सोय रात्रीही चालू असते का, हे आजच, बऱ्या दिवसात, जाऊन विचारून ठेवा.

काउंटरवरचा माणूस फक्त कन्नड बोलत असेल तर ‘एदे नोवु’, म्हणजे छातीत दुखतंय, एवढं म्हटलं तरी पुरतं. पुढचं डॉक्टर हिंदीत, मराठीत निभावून नेतात. अलीकडे मेंदूचा झटका आला असेल, मोठं ऑपरेशन झालं असेल, कुठून रक्त जात असेल, तर ते न विचारताही सांगा. त्यावर इंजेक्शन द्यायचं की नाही हे ठरतं.

गोळ्यांचं विचाराल तर, ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल आणि अल्सरमधून किंवा दुसरीकडून रक्तस्राव होत नसेल, तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खाणं योग्य असतं. १०८ वर किंवा डॉक्टरांना फोनवर विचारून घ्या. जिभेखालची सॉर्बिट्रेट मात्र शेजाऱ्याकडून मागून आणू नका. तिनं बीपी झपकन उतरतं, आणि चक्कर येणाऱ्याला किंवा सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्रासारखी) गोळी घेतलेल्याला ती धोक्याची आहे.

उलटंही होतं. छातीत दुखतंय आणि पहिला ईसीजी नॉर्मल आला, म्हणून लोक घरी जातात. अटॅकच्या सुरुवातीला कागद साफ दिसू शकतो. अशा वेळी पंधरा-वीस मिनिटांनी ईसीजी पुन्हा काढतात आणि ट्रोपोनिन नावाची रक्ततपासणी काही तासांच्या अंतरानं दोनदा करतात. ‘नॉर्मल आहे, जाऊ का?’ असं विचारायच्या आधी ‘पुन्हा कधी काढायचा?’ असं विचारा.

त्रास काहीच नाही? मग कागद नीट वाचा

डोक्यावरचं ते वाक्य बहुतेक वेळा कुठल्याच डॉक्टरनं लिहिलेलं नसतं. मशीनमधल्या प्रोग्रामनं रेघा मोजल्या आणि छापलं. त्याच्या खाली किंवा बाजूला ‘अनकन्फर्म्ड’ असं बारीक अक्षरात असतं, म्हणजे अजून डॉक्टरनं पाहिलेलं नाही. मशीन घाबरट असतं, आणि ते तसंच बनवलेलं असतं. काही निसटण्यापेक्षा दहा वेळा उगाच ओरडलेलं बरं, असा त्याचा हिशेब.

आधी नाव, वय, तारीख, वेळ तपासा. हसू नका. शिबिरात शंभर माणसं एका टेबलावर आडवी होतात, कागदाच्या चळतीत पाटलांचा ईसीजी दुसऱ्या पाटलांकडे जातो. वय चुकीचं घातलं तरी मशीनचा निकाल बदलतो. मग कडेला २५ मिलिमीटर प्रति सेकंद आणि १० मिलिमीटर प्रति मिलिव्होल्ट असं आहे का बघा. वेग ५० वर ठेवला गेला असेल तर सगळ्या रेघा ताणलेल्या दिसतात.

ठोके तुम्ही स्वतः मोजू शकता. दोन उंच टोकांमध्ये मोठे चौकोन किती ते मोजा आणि ३०० ला त्या आकड्यानं भागा. चार चौकोन असतील तर ७५. विश्रांतीत ६० ते १०० हा नेहमीचा पल्ला.

पुन्हा काढा, आणि नीट काढून घ्या

हे मी माझ्याच धंद्याबद्दल सांगतोय. दहा ठिकाणी इलेक्ट्रोड लावायचे असतात, चार हातापायांना आणि सहा छातीवर, आणि त्यातून बारा लीड, म्हणजे हृदयाकडे बघायचे बारा कोन, तयार होतात. उजव्या-डाव्या हाताच्या वायरी अदलाबदल झाल्या की लीड वनच्या रेघा उलट्या होतात आणि एव्हीआर या लीडमधल्या सरळ उभ्या राहतात. मशीन मग काहीतरी भलतंच छापतं. छातीवरचे पहिले दोन इलेक्ट्रोड बरगड्यांमधल्या चौथ्या फटीत, छातीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंना हवेत. घाईत ते वर गळ्याकडे लागतात. तेवढ्यानं निरोगी माणसाच्या कागदावर ‘जुना अटॅक असण्याची शक्यता’ किंवा उजव्या फांदीचा (हृदयातली वीज उजवीकडे नेणाऱ्या वाटेचा) अर्धवट ब्लॉक उमटू शकतो.

बायकांच्या बाबतीत हा गोंधळ जास्त होतो. संकोचापोटी ब्लाउज न काढता, हात आत घालून, अंदाजानं इलेक्ट्रोड चिकटवले जातात. पडदा मागा, बाई टेक्निशियन मागा, तो तुमचा हक्क आहे. पण जागा चुकवून काढलेला ईसीजी मान्य करू नका.

थंडीनं कुडकुडणं, हाताचा कंप, घाम, छातीवरचे दाट केस, सुकलेली जेली, खराब अर्थिंग, या सगळ्यांनी रेघ थरथरते आणि मशीन त्या थरथरीला ‘ठोके अनियमित’ म्हणतं. पुन्हा काढताना पाच मिनिटं शांत पडून राहा, बोलू नका, हातपाय सैल सोडा. जिना चढून आल्या आल्या काढू नका.

त्या इंग्रजी शब्दांचा अर्थ काय

‘सायनस’ शब्द बघून नाकाचा आजार समजणारे भेटतात. हृदयातल्या ज्या गाठीतून ठोक्याची वीज सुटते तिचं ते नाव. कागदावर ‘सायनस ऱ्हिदम’ असणं ही चांगली बातमी आहे. ‘सायनस टॅकिकार्डिया’ म्हणजे ठोके शंभराच्या वर, आणि त्याची कारणं बहुधा हृदयाबाहेरची: भीती, ताप, अंगात रक्त कमी, थायरॉइड, नुकताच मारलेला चहा. ‘सायनस ॲरिदमिया’ तरुणांत श्वासाबरोबर होतो, तो नैसर्गिक असतो.

‘सायनस ब्रॅडिकार्डिया’ म्हणजे ठोके साठाच्या खाली. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच असल्यामुळे भरतीसाठी पहाटे पळणारी पोरं आपल्याकडे गावोगावी आहेत. त्यांचे ठोके पन्नासच्या आसपास असणं हे व्यायामाचं फळ असतं. उजव्या फांदीचा अर्धवट ब्लॉक, थोडा लांबलेला पीआर, म्हणजे वीज वरच्या कप्प्यातून खाली पोचायचा वेळ (२०० मिलिसेकंदांच्या किंचित वर), छातीच्या लीडमध्ये जरा उचललेली एसटी रेघ (उंच टोकानंतरची सपाट रेघ), हेही त्यांच्यात नेहमी दिसतं. पण पोरगा पळता पळता बेशुद्ध पडला असेल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, किंवा बऱ्याच लीडमध्ये टी लहर (प्रत्येक ठोक्याच्या शेवटचा उंचवटा) उलटी असेल, तर पळणं त्याच दिवशी थांबवा आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. हृदयाचा स्नायू आनुवंशिकतेनं जाड होण्याचा आजार अशाच पोरांत लपलेला असतो. मैदानावर माणूस कोसळल्यावर तो कळावा अशी वेळ येऊ देऊ नका. भरतीत पास-नापास ठरवणं लष्कराच्या डॉक्टरांच्या हातात आहे, तो वाद वेगळा.

उजव्या फांदीचा पूर्ण ब्लॉक, म्हणजे आरबीबीबी, निरोगी माणसातही सापडतो. एकदा इको करून हृदय ठीक आहे म्हटलं की बहुतेकांना पुढे काही करावं लागत नाही. डाव्या फांदीचा, एलबीबीबी, तसा सोडून देण्याजोगा नाही. त्याच्यामागे अनेकदा जुनं बीपी, कमजोर स्नायू किंवा नसांचा आजार असतो. त्रास नसला तरी आठवडाभरात डॉक्टरला दाखवा.

‘एलव्हीएच’ म्हणजे डावा कप्पा जाड झाल्याची शंका. सडपातळ माणसाच्या छातीवर रेघा तशाही उंच येतात, म्हणून आधी बीपी मोजा आणि इकोनं खात्री करा. बीपी आहे हेच ज्यांना माहीत नव्हतं अशा कितीतरी लोकांना ते या तीन अक्षरांनी कळलेलं आहे.

‘ओल्ड इन्फार्क्ट’ वाचून सगळ्यात जास्त घाबरगुंडी उडते. हे मशीनचं बऱ्याचदा चुकणारं वाक्यही आहे. पण शुगरच्या पेशंटला न दुखता अटॅक येऊन गेलेला असू शकतो, तेव्हा पुन्हा ईसीजी आणि इको, एवढं करावंच लागतं.

‘एट्रियल फिब्रिलेशन’ मात्र त्रास नसतानाही गंभीर घ्या. ठोके पूर्ण बेताल होतात, वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की लकवा. रक्त पातळ करणारं औषध लागेल का, हे वय, बीपी, शुगर, आधीचा झटका यांवरून डॉक्टर ठरवतात. हे काम दोन महिन्यांवर ढकलू नका.

‘क्यूटी’, म्हणजे एका ठोक्यात खालच्या कप्प्यांची वीज चढून उतरायचा वेळ, लांबलेला असेल तर डॉक्टरकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पिशवीच घेऊन जा. ठोक्यांच्या वेगानुसार दुरुस्त केलेला क्यूटी पुरुषांत ४५० आणि स्त्रियांत ४६० मिलिसेकंदांच्या वर गेला की लांब म्हणतात, ५०० च्या वर तर त्याच दिवशी दाखवायचं. ॲझिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल, डोम्पेरिडोन, ओन्डानसेट्रॉन, काही मानसिक आजारांची औषधं, यांनी तो लांबतो. यातली निम्मी आपण मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणतो.

त्याच दिवशी दाखवायच्या यादीत आणखी तीन गोष्टी घाला: पूर्ण हार्ट ब्लॉक (वरच्या कप्प्याची वीज खाली पोचतच नाही), चक्कर येत असताना चाळीसच्या खाली गेलेले ठोके, आणि किडनीच्या पेशंटच्या कागदावर उंच टोकदार झालेली टी लहर. ही शेवटची पोटॅशियम वाढल्याची खूण असू शकते. डायलिसिसवरच्या माणसाला प्रेमानं शहाळं पाजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ‘डब्ल्यूपीडब्ल्यू’ किंवा ‘ब्रुगाडा’ हे हृदयाच्या विजेच्या दोषांचे शब्द दिसले आणि कधी शुद्ध हरपली असेल, तर थेट हृदयरोगतज्ज्ञ गाठा.

जुना ईसीजी शोधा

डॉक्टरला आजच्या कागदापेक्षा पाच वर्षांपूर्वीचा कागद जास्त उपयोगी पडतो. तोच आरबीबीबी तेव्हाही असेल तर काळजी निम्म्यावर येते, आणि तेव्हा नसलेली उलटी टी लहर आज असेल तर तपासणीचा वेग वाढतो. बाळंतपणाच्या वेळची फाइल, हर्नियाच्या ऑपरेशनची फाइल, कारखान्यातलं मेडिकल रजिस्टर, विम्याचे कागद, सगळं उघडा.

ईसीजीचा कागद बहुधा थर्मल असतो. उन्हात, प्लास्टिकच्या पाकिटात, देव्हाऱ्याजवळच्या उष्णतेत तो वर्ष-दोन वर्षांत पांढराफटक होतो. जपून राहावा म्हणून लॅमिनेशन करायला देऊ नका, मशीनच्या उष्णतेनं सगळा कागद काळा होतो आणि रेघा कायमच्या जातात. त्याच दिवशी झेरॉक्स काढा, मागे तारीख आणि कशासाठी काढला ते लिहा. मोबाइलवर फोटो काढायचा तर कागद टेबलावर सपाट ठेवून, चारही कोपरे दिसतील असा काढा. अर्धा कागद, वर पंख्याची सावली, अशा फोटोवरून पुण्याच्या डॉक्टर भाच्यालाही काही सांगता येत नाही.

कुणाकडे जायचं, कोणते कागद न्यायचे

त्रास नसेल तर पहिली पायरी आपला नेहमीचा एमडी फिजिशियन. तो बीपी, शुगर, थायरॉइड, पोटॅशियम बघेल, छाती ऐकेल आणि इको लागेल का सांगेल. इकोत हृदयाची रचना आणि पंपाची ताकद कळते. टीएमटीत चालत्या पट्ट्यावर श्रम दिल्यावर काय होतं ते दिसतं, पण एलबीबीबी असेल तर टीएमटीचा निकाल वाचता येत नाही, हे आधी विचारून घ्या, पैसे वाचतील. ठोके मधेच चुकत असतील तर चोवीस तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बांधून ठेवायचा ईसीजी. काहीही त्रास नसताना, इकोही न करता, नुसत्या मशीनच्या एका ओळीवर कुणी ‘उद्याच अँजिओग्राफी’ म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला लाजू नका.

बेळगावात सरकारी जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं ‘सिव्हिल’, बिम्स या वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे. नेहरूनगरला केएलईचं प्रभाकर कोरे रुग्णालय आहे. निपाणीला कोल्हापूर जवळ पडतं, तिथे सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे. अथणी-रायबागकडचे मिरज-सांगलीला जातात. कुठेही जा, पण पैशाची बाजू आधी समजून घ्या, कारण आपण दोन राज्यांच्या मधे राहतो.

‘आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक’ योजनेत बीपीएल कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएलवाल्यांचा ठरलेल्या दराच्या तीस टक्के खर्च सरकार उचलतं, वर्षाला दीड लाखांपर्यंत. अट अशी की आधी सरकारी रुग्णालयात दाखवून तिथून रेफरल घ्यायचा. तातडीच्या प्रसंगी ही अट आड येत नाही. थेट खासगीत जाऊन बिल झाल्यावर कार्ड पुढे केलं की वादावादी होते.

महाराष्ट्र सरकारनं महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचा निर्णय घेतला आहे. त्यावर दोन्ही राज्यांत राजकारण झालं. ते बाजूला ठेवा आणि ज्या रुग्णालयात जाणार तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) फोन करून विचारा: माझ्या गावाचं नाव यादीत आहे का, कर्नाटकचं रेशन कार्ड चालेल का, आणखी कुठला दाखला लागेल. आधार, रेशन कार्ड आणि त्यांच्या झेरॉक्स ईसीजीच्याच फाइलमध्ये ठेवा.

तोपर्यंत घरी

बीपीच्या चालू गोळ्या बंद करू नका. दुसऱ्याची ॲस्पिरिन ‘खबरदारी म्हणून’ सुरू करू नका. डॉक्टरनं बघेपर्यंत पोती उचलणं, डोंगर चढणं, पळणं थांबवा, पण घरातलं चालणं-फिरणं चालू ठेवा. विडी, तंबाखू, गुटखा सोडायला मात्र रिपोर्टची वाट बघायची गरज नाही. निपाणी तंबाखूवर उभी आहे हे खरं, पण धमन्यांना ते कळत नाही. ऑपरेशन ठरलं असेल तर ते दोन आठवडे पुढे गेल्यानं सहसा बिघडत नाही. भूलतज्ज्ञाला ईसीजी लपवून ऑपरेशनला बसणं मात्र महागात पडतं.

सगळ्या तपासण्या होऊन डॉक्टर ‘तुमचा ईसीजी असाच आहे, काळजी नाही’ म्हणाले, तर ते वाक्य त्यांच्याकडून चिठ्ठीवर लिहून, सही-शिक्क्यासह घ्या. पुढचं मोतीबिंदू, पुढचा विमा, पुढची मेडिकल, प्रत्येक वेळी मशीन पुन्हा तेच छापणार आहे. ती चिठ्ठी आणि हा ईसीजी, दोन्हींची एक झेरॉक्स पाकिटात आणि एक घरातल्या दुसऱ्या माणसाकडे ठेवा.